निष्कर्ष आणि नोंद : मुंबई इलाख्यातील चार संशोधनांचा एक ऐतिहासिक विचार (१८४१ ते १९२३)

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याचा बौद्धिक इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने समाजसुधारणा, वृत्तपत्रसृष्टी आणि राजकीय संस्थांचा उदय या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. त्या लेखनाचे मोल निर्विवाद आहे. तथापि याच काळात याच भूमीवर मोजणे, गणती करणे, कोष्टके मांडणे आणि त्यांवरून अनुमान काढणे ही एक वेगळी शिस्तही रुजत होती, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले. ज्यांनी ती अंगीकारली त्यांपैकी काहींची नावे सर्वश्रुत आहेत, बहुसंख्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

प्रस्तुत निबंधात भौतिकशास्त्र, वैद्यक, अर्थशास्त्र आणि शिक्षण या क्षेत्रांतील चार संशोधनांचा परामर्श घेतला आहे. कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय निरीक्षणे, हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस, दादाभाई नौरोजी यांनी काढलेले दरडोई उत्पन्न आणि प्राथमिक शिक्षणासंबंधीचे महात्मा फुले यांचे निवेदन, हे ते चार विषय होत. वरवर पाहता यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. परंतु चारही ठिकाणी एकच प्रश्न निर्णायक ठरला, तो असा की निष्कर्षाच्या मागे असलेली मूळ नोंद कोणी ठेवली, ती कोणाच्या ताब्यात होती आणि प्रतिपक्षाला ती तपासता येत होती काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे मिळाले आणि त्यानुसार त्या त्या निष्कर्षाचे भवितव्य ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

कुलाब्याची वही

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली ती खगोलीय वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. तेथे १८४१ पासून भूचुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे पद्धतशीरपणे सुरू झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सृष्टिशास्त्र शिकविणारे प्रा. आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे वेधशाळेची सूत्रे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही तिचा कार्यभार सांभाळला होता. पुढे पुण्याच्या महाविद्यालयात टिळक व आगरकर ज्यांच्यापाशी शिकले ते केरो लक्ष्मण छत्रे यांची उमेदवारीही याच वेधशाळेत झाली. महाविद्यालय आणि वेधशाळा यांच्यात त्या काळी आजच्यासारखी भिंत नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

छायाचित्रणाच्या साहाय्याने आपोआप आलेख काढणारी यंत्रे कुलाब्यास आली ती १८७२ मध्ये. तोपर्यंतची सारी निरीक्षणे माणसाने डोळ्यांनी घ्यावयाची आणि हाताने लिहावयाची होती. दिवसरात्र ठरलेल्या वेळी सहायकाने उपकरणापाशी जावे, वाचन घ्यावे आणि वहीत उतरवावे, असा हा क्रम होता. त्या आकड्यांतून काय सिद्ध होणार आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत नसे, आणि ते माहीत असण्याची त्याच्याकडून अपेक्षाही नव्हती.

सप्टेंबर १८५९ च्या प्रारंभी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात एक प्रचंड वादळ उठले. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये सूर्यावर एक तेजस्वी भडका पाहिला होता आणि लगोलग हे वादळ आले. अनेक ठिकाणच्या यंत्रांची मोजपट्टी त्यापुढे अपुरी पडली. कुलाब्यास मात्र निरीक्षकांनी नेहमीचा क्रम सोडून दर काही मिनिटांनी वाचने घेतली आणि त्यामुळे चुंबकक्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाल्याची नोंद राहिली. ही वाचने सरकारी अहवालात यथाक्रम छापली गेली आणि ग्रंथालयांत पडून राहिली. त्यांचे महत्त्व जगापुढे ठसठशीतपणे आले ते २००३ मध्ये. मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या जुन्या आकड्यांचे पुनर्विश्लेषण केले आणि ज्ञात इतिहासातील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळांपैकी एकाचा हा मौलिक पुरावा असल्याचे दाखवून दिले.

त्यावर पुढे मतभेद झाले. तासाभराची सरासरी घेतली तर वादळाची तीव्रता बरीच कमी भरते, असे इतर अभ्यासकांनी दाखविले. असा मतभेद १४४ वर्षांनंतर संभवला याचे कारण उघड आहे. अहवालात केवळ ‘मोठे वादळ झाले’ असे विधान नव्हते, वेळेनिशी प्रत्येक वाचन दिलेले होते. त्या रात्रंदिवस जागलेल्या सहायकांची आठवण आज कोण ठेवते? तरीही त्यांच्या हातचा आकडा अद्याप बोलतो आहे.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८९६ मध्ये सूत्रे हाती घेतली, तेव्हा मुंबईत विजेच्या ट्रामची चर्चा सुरू होती. विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय उपकरणांची वाचने दूषित होणार हे निश्चित होते. ट्राम धावली १९०७ मध्ये, पण त्याआधीच अलिबाग येथे नवी वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे घेण्यात आली. दोन जागांच्या आकड्यांतील फरक कळल्याखेरीज जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता येणार नव्हती. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची सामग्री १९१० मध्ये संपादून प्रसिद्ध केली. नवा सिद्धान्त मांडणाऱ्याचा गौरव होतो. जुनी मालिका तुटू न देणारा मात्र बहुधा उपेक्षित राहतो. मूस यांच्याविषयी मराठीत स्वतंत्र चरित्रग्रंथ व्हावयास हवा, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते.

प्लेगची लस आणि ‘५३ एन’ क्रमांकाची बाटली

कुलाब्याच्या नोंदीला कोणी शत्रू नव्हता. प्लेगच्या लसीचे तसे नव्हते.

मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले. वाल्देमार हाफकिन हे त्या वेळी कलकत्त्यास पटकीच्या लसीचे काम करीत होते. ते ऑक्टोबरमध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांनिशी त्यांनी प्रयोग आरंभिले. लस सिद्ध होताच १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ होते, वैद्यकीय पदवीधर नव्हते. शिवाय ओडेसा येथे जन्मलेले ज्यू. सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेकांना त्यांचे वर्चस्व रुचले नाही, याचे परिणाम पुढे दिसतात.

त्यांच्या प्रयोगांचा क्रम संशोधन पद्धतीच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांना लस दिली गेली आणि ज्यांनी नाकारली त्यांच्याशी त्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत रोग कमी आढळला. परंतु या तुलनेत एक दोष होता. स्वेच्छेने पुढे येणारा आणि मागे राहणारा हे दोघे मुळातच प्रकृतीने किंवा वृत्तीने भिन्न असू शकतात. उमरखाडीच्या तुरुंगात १८९८ च्या आरंभी हा दोष दूर करण्यात आला. कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकास लस टोचण्यात आली.

त्याच वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी याहूनही काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस द्यावयाची आणि निम्म्यांना द्यावयाची नाही, म्हणजे घर, अन्न, पाणी, उंदीर सारे समान राहते, अशी ही योजना होती. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील २६ दगावले. आकडे लहान आहेत, पण रचना अशी की त्यांचा इन्कार करणे अवघड व्हावे.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. प्रयोगाची रचना निर्दोष होती असे आपण म्हणतो, तेव्हा एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या भावांपैकी एकाला लस मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, हा त्या निर्दोषतेचा अर्थ होतो. २६ ही संख्या कोष्टकाच्या एका चौकटीत मावते. उंढेऱ्याच्या त्या २८ घरांत ती कशी मावली असेल? तुरुंगातील कैद्याची ‘संमती’ कितपत मुक्त होती, हाही प्रश्न उरतोच. त्या काळच्या वैद्यकास हे प्रश्न आजच्या स्वरूपात पडत नव्हते, हे खरे आहे. म्हणून इतिहासकाराने ते विचारू नयेत असे मात्र नाही.

लसीचा मोठ्या प्रमाणावर प्रसार होत असता ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी अरिष्ट कोसळले. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली, त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना ‘५३ एन’ असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतील लस दिली होती, अन्य बाटल्यांतील लस घेतलेले ८८ जण सुखरूप राहिले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले आणि बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच लस दूषित झाली असावी, असा कौल त्याने दिला. उत्पादन जलद व्हावे म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत स्वीकारली होती, तिच्याकडे बोट दाखविण्यात आले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

मलकोवाल येथील साक्षीत दुसरीही एक हकीकत होती. बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरण्यात आला. शिवाय बाटली उघडताना दुर्गंधी आलेली नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत पूर्वीपासून वाढत असते तर ती आल्याशिवाय राहिली नसती. हे सारे चौकशीच्या कागदांत होते, पण संपूर्ण कागदपत्रे सुमारे चार वर्षे प्रसिद्ध झाली नाहीत. ती प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. ते परतले ते कलकत्त्यास, परळला नव्हे. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

उंढेऱ्याचे कोष्टक खुले होते म्हणून लस टिकली. मलकोवालची साक्ष बंद होती म्हणून माणूस बुडाला. या दोन घटनांत अवघी चार वर्षे आणि तीच शास्त्रज्ञमंडळी आहेत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

सरासरीचा प्रश्न

दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडणारे राजकारणी’ ही त्यांची प्रतिमा इतकी दृढ झाली आहे की त्यांच्यातील गणिताचा शिक्षक झाकून गेला. त्यांच्या दारिद्र्यविषयक विवेचनाचा प्रारंभ मात्र राजकीय आरोपाने होत नाही, तर सरासरी काढण्याच्या एका चुकीने होतो.

सरकारी प्रशासन अहवालांत एखाद्या प्रांताचे दर एकरी उत्पादन देताना निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे मिळवून त्यांस जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले असे. कोणत्या जिल्ह्यात किती जमीन लागवडीखाली आहे, हे विचारातच घेतले जात नसे. दादाभाईंनी हा दोष उघडा केला. त्याचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात १००० एकरांत एकरी ३०० शेर आणि दुसऱ्यात ९००० एकरांत एकरी १०० शेर धान्य पिकते. अहवालाच्या रीतीने सरासरी २०० शेर येईल. खरी सरासरी १२० शेर आहे. कागदावर रयत सुखी दिसते आणि त्या कागदाच्या आधारे सारा ठरतो.

दादाभाईंपुढे स्वतंत्र पाहणी करण्याचे साधन नव्हते. त्यांनी सरकारचेच आकडे घेतले, क्षेत्रफळाच्या प्रमाणात पुन्हा मांडले आणि १८६७ ते १८७० या काळासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. हा हिशेब १८७३ मध्ये पार्लमेंटच्या वित्तविषयक समितीसाठी तयार झाला आणि १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे निबंधरूपाने वाचला गेला. त्याच्या शेजारी त्यांनी ठेवले ते तुरुंगांचे अहवाल. कैद्याला जगविण्यासाठी सरकार जेवढे अन्नवस्त्र देते, तेवढेही मोकळ्या रयतेला तिच्या सरासरी उत्पन्नात परवडत नाही, हे त्या तुलनेचे तात्पर्य होते. तुरुंग हा असा आपल्या निबंधात दुसऱ्यांदा येतो आणि ते आकस्मिक नाही. माणूस काय खातो, किती खातो आणि केव्हा आजारी पडतो, याची नित्य नोंद वसाहतकालीन सरकार ज्या मोजक्या जागी ठेवीत असे त्यांपैकी तुरुंग ही एक होती. मुक्त माणसाविषयी इतके कुतूहल सरकारला नव्हते!

सरकारपक्षाने याला उत्तर दिले. बेअरिंग आणि बार्बर यांनी १८८२ मध्ये हाच आकडा २७ रुपये काढला, लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये ३० रुपये सांगितला आणि विल्यम डिग्बी यांनी त्याच वर्षी तो १८ रुपयांच्याही खाली नेला. दादाभाईंच्या अनुमानातही उणिवा होत्याच. सेवाक्षेत्रातील उत्पन्न त्यांनी जवळजवळ धरलेच नाही, असा आक्षेप पुढील अर्थशास्त्रज्ञांनी घेतला आहे आणि तो आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्येनुसार रास्त आहे. परंतु आक्षेप घेता आला तो त्यांनी प्रत्येक पायरी उघड मांडली म्हणून. उलट १८८२ च्या अनुमानामागील टिपणे सरकारने गोपनीय ठेवली. दादाभाईंनी ती वारंवार मागितली, मिळाली नाहीत. २० आणि २७ यांपैकी कोणता आकडा सत्याच्या अधिक निकट होता, याचा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. प्रस्तुत लेखकास अधिक बोलका वाटतो तो हा नकार.

‘नऊ-दशांश गावे’

शिक्षणाच्या क्षेत्रात परिस्थिती आणखी निराळी होती. येथे आकडा वादग्रस्त नव्हताच.

हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात या इलाख्यातील जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नसल्याचे नमूद आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, ही त्यांची मागणी होती. तिच्यामागील युक्तिवाद अर्थशास्त्रीय होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गास मिळतो, तेव्हा पैसा कोठून येतो व कोठे जातो याचा हिशेब द्या, असे ते सरकारला विचारीत होते. दादाभाई इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील जमाखर्च तपासत होते. फुले यांनी तीच पद्धत इलाख्याच्या आत, समाजाच्या थरांमध्ये लावली. हे साम्य आपल्याकडील लेखनात पुरेसे अधोरेखित झालेले नाही. दादाभाईंचा अभ्यास अर्थशास्त्राचे अध्यापक करतात, फुल्यांचा समाजशास्त्राचे, आणि दोघांची कोष्टके एका टेबलावर येत नाहीत.

फुल्यांचा आकडा आयोगाने खोडला नाही, आणि स्वीकारून त्याप्रमाणे सक्तीही केली नाही. सक्ती व्यवहार्य नाही, लोक ती सहन करणार नाहीत, हे उत्तर पुढे वर्षानुवर्षे दिले गेले. ते तपासून पाहिले बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी. अमरेली तालुक्यातील काही गावांत १८९३ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, तो मर्यादित प्रमाणात पारखला गेला आणि १९०६ मध्ये सक्ती सर्व संस्थानास लागू झाली. आधी लहान क्षेत्रात पाहावे आणि मग विस्तारावे, ही रीत उंढेऱ्याच्या प्रयोगाहून फारशी निराळी नाही. दोन्ही प्रयोग एकाच संस्थानात व्हावेत, याकडेही अभ्यासकांनी लक्ष द्यावे.

गोपाळ कृष्ण गोखले हेही मुळात फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे शिक्षक. त्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा अनुभव त्यांच्या हाताशी होता. विधेयक अत्यंत सौम्य होते. सक्ती सरसकट नव्हती, स्थानिक संस्थांनी इच्छा असल्यास ती लागू करावयाची होती. पुराव्याची उणीव नव्हती, खर्चाचे अंदाज मांडलेले होते. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी सभासद होते, तसे हिंदी जमीनदारही होते. शेतावर राबणारे मूल शाळेत गेले तर शेताचे काय, ही चिंता त्यांच्यापैकी अनेकांना होती. कुलाब्याच्या वाचनांना विरोध करण्यात कोणाचाही लाभ नव्हता. नऊ-दशांश गावांच्या आकड्याने मात्र कोणाच्या तरी मजुरीचा दर वाढणार होता.

मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. त्याने सक्ती करण्याचा अधिकार दिला तो नगरपालिकांना. फुल्यांच्या निवेदनातील खेडी त्याच्या कक्षेत नव्हती. ग्रामीण भागातील स्थानिक मंडळांना हा अधिकार मिळाला तो १९२३ च्या कायद्याने, आयोगापुढील निवेदनानंतर ४१ वर्षांनी.